परीक्षकाच्या घरचा चहा

"परीक्षकाच्या घरी पाणी प्यायचं, मयूरी. चहा नाही," आमच्या संचालक वसुमतीताईंनी मला आधीच बजावलं होतं.

डहाणूतली आमची संस्था सांकेतिक भाषेचे दुभाषक तयार करणाऱ्या वर्गांना अनुदान देते. कुठल्या वर्गाला द्यायचं ते बाहेरचे तज्ज्ञ ठरवतात, आणि ते तज्ज्ञ शोधणं माझं काम. तज्ज्ञाचं आमच्यातल्या कुणाशी नातं निघालं, तर तो समितीतून बाद. मी हसण्यावारी नेलं. म्हाताऱ्या प्राध्यापकांशी माझं कसलं नातं जुळणार! घटस्फोटानंतर माझं सगळं लक्ष लेकीवर, रियावर... पोर शिंकली तरी मी थर्मामीटर काढणार.

समितीत एक तरी कर्णबधिर तज्ज्ञ हवाच होता, आणि तोच मिळेना. सगळ्यांत ज्येष्ठ कर्णबधिर शिक्षक, गोपीनाथ सर, त्यांनी तर चक्क नकार कळवला. मग कुणीतरी घोलवडला सांकेतिक भाषा शिकवणाऱ्या यतीन सावेंचं नाव सुचवलं. सुट्टी होती, म्हणून रियालाही घेऊन गेले.

दिलेल्या पत्त्यावर एक नर्सरी होती. तिथे एक जण पाठमोरा बसून चिकूची कलमं बांधत होता.

"अहो भाऊ, यतीन सर कुठे राहतात?" मी ओरडले. पुन्हा ओरडले. शेवटी रियाने त्याचा शर्ट ओढला. तो वळला आणि असा हसला, की मी काय विचारत होते तेच विसरले. मातीने माखलेलं बोट त्याने स्वतःच्या छातीवर टेकवलं.

यतीन सर... हे?

मला जुजबी खुणा येत होत्या. त्या घाईघाईने केल्या. त्याने फोनवर लिहून दाखवलं, 'तुमचे हात बरे बोलतात. पण फार ओरडतात.'

'मग हळू बोलायला शिकवा,' मी लिहिलं — आणि कानशिलं तापली. हे मी लिहिलं?

त्याच्या घराची बेल दाबली की आतले दिवे उघडझाप करायचे. रिया ती दाबतच राहिली. चहा आला, गवती चहा घातलेला. मी प्यायले.

कामाचं बोलायला पुन्हा गेले. मग काम नसतानाही. कर्णबधिर माणसं एकमेकांना नावाची खूण देतात. माझी त्याने ठरवली — दोन भुवयांमध्ये चिमूट.

'ही आठी. सारखी रियावर पहारा! थोडा वेळ माझ्याकडे सोपव.'

'आणि तुझ्यावर पहारा कोण ठेवणार?'

'तू. ठेवतेच आहेस.'

पण एक शब्द पुढे गेला, तर त्याची खुर्ची जाणार होती. मग दुभाषक कसे घडावेत, ते फक्त ऐकू येणारेच ठरवणार. म्हणून मी दर वेळी विषय चिकूवर नेला.

समितीची पहिली बैठक. "इथल्या कुणाशी कुणाचं नातं?" वसुमतीताईंनी रीतसर विचारलं. यतीनसमोर रुचिता दुभाषक म्हणून बसली होती. दुभाषकाने काही गाळायचं नसतं. समोरचा बोलेल ते जसंच्या तसं, 'मी' म्हणूनच सांगायचं.

यतीनचे हात उठले. रुचिता बोलू लागली.

"नातं... अजून नाही. पण मला मयूरी आवडते. आज तिला विचारणार आहे. म्हणून मी इथे बसू नये."

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"चहा प्यायलीस ना?" वसुमतीताई पुटपुटल्या. रुचिताने इमानाने तेही खुणांनी सांगितलं.

"दर वेळी दोन कप," यतीनचं उत्तर, रुचिताच्या तोंडून.

ताईंनाही हसू आवरेना. तेवढ्यात यतीनने बाहेर बसवलेल्या माणसाला आत आणलं. पांढऱ्या मिशांचे गोपीनाथ सर, त्याचे गुरुजी! मला नाही म्हणालेले, शिष्यापुढे वाकले. "खुर्चीवर मी बसतो," त्यांनी खुणांनी सांगितलं, "पण लग्नात पहिल्या पंगतीला."

व्हरांड्यात मी यतीनला गाठलं. रुचिताला बोलावलं नाही.

'मी घरात नसले, आणि रिया झोपेतून रडत उठली... तुला कळणार कसं?'

तो हसला नाही. 'ती झोपली की माझा हात तिच्या पाठीवर असेल. हुंदका आधी पाठीला कळतो.'

मग अंगठ्याने त्याने माझ्या कपाळावरची आठी अलगद पुसली. मी हो म्हटलं — हातांनी, ओरडून.

सध्या आम्ही तिघं नाशिकला आहोत, यतीन तिथे शिकवतो. त्याच्या घोलवडच्या घरी आता गोपीनाथ सर एकटेच असतात. मेसेज केला की 'मजेत' म्हणून लिहितात. पण म्हातारी माणसं असंच लिहितात, आणि माझी आठी काही जात नाही. तुम्ही कधी चिकू घ्यायला घोलवडला उतरलात, तर नर्सरीमागच्या घरी डोकावा, आणि मला कळवा. हाका मारू नका, बेल दाबा. दिवे उघडझाप करतील, ते दार उघडतील.

चहा विचारतील. प्या.