पाच मिनिटं गप्प

तिने दारावर टकटक केली, आणि आतून आवाज आला, "कोण कडमडलं आता दुपारच्या वेळी?"

दार तसं नावालाच होतं. प्रशिक्षण केंद्राच्या हॉलमध्ये कोपऱ्यात एक चौकट उभी केलेली, तिच्यामागे एक पलंग, एक टेबल आणि पाण्याचं पिंप. सगळ्या जणी त्याला खोटं घर म्हणत. घरोघरी जाऊन धडधाकट माणसांशी आजाराबद्दल कसं बोलायचं, याचा सराव तिथे चाले. एकीने नर्स म्हणून दार वाजवायचं. आत कुणीतरी आडमुठा म्हातारा. बाकीच्या पंधरा जणी खुर्च्यांवर बसून बघणार आणि मॅडम वहीत खुणा करणार.

केंद्राचा चौकीदार रोज म्हातारा व्हायचा. आज तो रजेवर होता. म्हणून बाहेरच्या भिंतीवर आरोग्याचे संदेश रंगवणाऱ्या पेंटरला मॅडमनी शिडीवरून खाली बोलावलं, हातात एक कार्ड दिलं. "तुम्ही सत्तर वर्षांचे. डॉक्टर-बिक्टर मानत नाही. बीपी थोडं वाढलेलं, एकशे पन्नास. बाकी तोंडाला येईल ते बोला."

पेंटर असेल पस्तिशीचा. कानामागे ब्रश, मनगटापर्यंत हिरवा रंग, आणि अंगावर ओढलेली पलंगावरची चादर.

"आजोबा, मी आरोग्य केंद्रातून आले आहे," तिने पाठ केलेलं म्हणायला सुरुवात केली.

"आजोबा कुणाला म्हणता? सत्तरीच तर आलीय. अजून मुली बघतोय मी."

पंधरा जणी खिदळल्या. तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

सहा वर्षं तिने हॉस्पिटलच्या वॉर्डात काढली होती. तिथे तिच्या हातांना काम असे, तोंडाला नसे. पेशंट पलंगावर पडलेला, तो कुठे जातोय? इथली माणसं मात्र पायांवर उभी होती आणि नको ते ऐकवलं की सरळ चालू लागत. तीन महिन्यांच्या या प्रशिक्षणात मॅडमनी पहिल्याच आठवड्यात तिला सांगून टाकलं होतं, "तुझे हात पहिल्या नंबरचे गं, पण जीभ शेवटून पहिली."

तर आता हातच कामाला लावावे म्हणून तिने त्याच्या दंडाला पट्टा बांधला, हवा भरली, कानात नळ्या घातल्या. काटा उतरू लागला... आणि ती थबकली.

"बोला सिस्टर, किती दिवस उरलेत?" तो म्हणाला.

"जरा गप्प बसता? पाच मिनिटं. पाय जमिनीवर टेकवा. बोलायचं नाही."

पाच मिनिटांनी तिने पुन्हा मोजलं. दुसऱ्या हातावरही मोजलं. मग मान वर केली. "एकशे अठ्ठ्याहत्तर. खालचं एकशे बारा."

"अगं, कार्डावर एकशे पन्नास आहे," मॅडम म्हणाल्या.

"मॅडम... हे कार्डावरचं नाही. ह्यांचं स्वतःचं आहे."

पंधरा जणी खुर्च्यांवरून पुढे झुकल्या. पेंटर तेवढा टाळ्या पिटत होता. "वा! काय काम करतात हो सिस्टर! मी खरंच घाबरलो."

मॅडमनी स्वतः मोजलं तेव्हा कुठे त्याच्या टाळ्या थांबल्या.

डॉक्टरांच्या नावाची चिठ्ठी तिने त्याच्या हातात दिली. चार दिवसांनी पाहते तर तो शिडीवर, आणि चिठ्ठी पिवळ्या रंगाच्या डब्याखाली, डाग पडू नयेत म्हणून अंथरलेली.

"अहो! हे काय? वाढलेलं बीपी वेळीच आटोक्यात आणलं नाही तर हृदय, मेंदू, मूत्रपिंड..."

"सिस्टर," तो वरूनच म्हणाला, "रागावू नका, पण तुम्ही बोलायला लागलात की मी भिंत वाचतोय असं वाटतं. आणि भिंत तर मीच रंगवतोय की!"

खरंच, त्याच्या ब्रशखाली 'मीठ कमी खा' मधला शेवटचा 'खा' ओला होता. तिला हसू आलं आणि हसू आल्याचा रागही आला.

संध्याकाळी तिने मॅडमना गाठलं. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाल्या, "तू त्याला सांगतेस. कधी विचारलंस का?"

दुसऱ्या दिवशी ती शिडीपाशी जाऊन उभी राहिली. टर्पेंटाइनचा वास, उन्हात चकाकणारी अक्षरं. बराच वेळ तिला शब्दच सापडेना.

"आज पाठांतर झालं नाही वाटतं?" तो म्हणाला.

"एक विचारायचंय. तुमच्या अंगातली कुठली गोष्ट... म्हणजे... तुम्हाला सगळ्यात प्रिय काय आहे?"

तो हसणार होता. पण तिचा चेहरा बघून थांबला. "उजवा हात," तो म्हणाला. "पट्टी न लावता सरळ रेघ मारतो हा. का?"

मग ती बोलली. हळू, अडखळत. वॉर्डात एक शिंपी होता, चाळिशीचा. कधी डोकंसुद्धा दुखलं नव्हतं त्याचं. एका सकाळी उठला तो उजवी बाजू लुळी घेऊन. रोज राउंडच्या वेळी तो डाव्या हाताने उजवी बोटं उचलून तिला दाखवायचा आणि विचारायचा, "आज हलली का सिस्टर?" ती म्हणायची, "उद्या." दोन महिने ती उद्या म्हणत राहिली. "त्याच्याकडे कुणी पाच वर्षं आधी गेलं असतं ना... म्हणून आले मी इथे. मला बोलता येत नाही, तरी आले."

त्याने ब्रश डब्यात टाकला. मग तो एकेक पायरी उतरून खाली आला.

"डॉक्टर किती वाजता बसतात?"

गोळ्या सुरू झाल्या. दर गुरुवारी तो सकाळी केंद्रात यायचा. ती बीपी मोजून वहीत लिहायची. मोजण्याआधी पाच मिनिटं गप्प बसायचं हा नियमच होता. पाठ खुर्चीला, पाय जमिनीवर, हात टेबलावर... आणि समोर ती. दोघांनी कुठे बघायचं याचा मात्र काही नियम नव्हता. तो खिडकीकडे बघे, ती घड्याळाकडे. आणि कधीतरी दोघांच्या नजरा मधल्या वाटेवर एकमेकींवर आपटत, की तो छताकडे बघू लागे.

पाच मिनिटं संपली की त्याची टकळी सुरू. "आमच्या ताईने मीठ कुलपात ठेवलंय. माझ्यासकट भाऊजी आणि भाची सगळेच अळणी खातात. रोज जेवताना तुमची आठवण काढतात घरात."

"चांगली की वाईट?"

"आमटीवर अवलंबून असतं."

ती हसायची. घरी जाऊन पुन्हा हसायची. आपल्यालाही आता बोलता येतं, हे तिच्या लक्षात येऊ लागलं होतं. खोट्या घरात मॅडम तिच्या नावासमोर खुणा करेनाशा झाल्या, नुसत्या ऐकत बसत.

फक्त एक गोष्ट बिनसत होती. बीपी उतरत नव्हतं. पहिल्या दोन आठवड्यांत एकशे पन्नासवर आलं, आणि तिथेच ठाण मांडून बसलं. सहाव्या गुरुवारी तर एकशे चौपन्न.

"गोळी चुकवता तुम्ही," ती म्हणाली.

"एकही नाही."

"मग हे काय आहे? खरं सांगा ना! मी काय तुम्हाला खाणार आहे?"

तो तिच्याकडे बघत राहिला. "सिस्टर, मी थट्टा खूप करतो. तुमच्याशी खोटं कधी बोललो नाही."

तिने पेन उचललं. वहीतले आकडे उतरवून डॉक्टरांसाठी चिठ्ठी लिहिली: गोळी वाढवावी. त्याने या वेळी ती नीट घडी करून खिशात ठेवली. "सोमवारी जातो. तुम्ही म्हणता तर वाढवू." एवढं म्हणून गेला. पहिल्यांदाच, एकही विनोद न करता.

सोमवारी सकाळी तिची मैत्रीण, तिच्याच तुकडीतली, नाश्त्याच्या टेबलावर म्हणाली, "तुझा पेंटर आत्ता भेटला गं फाटकाशी. दवाखान्यात निघालेला. तोंड एवढंसं. म्हटलं बसा, मोजून तरी देते. एकशे अठ्ठावीस."

"शक्यच नाही."

"दोनदा मोजलं. तुझ्याच मशीनवर."

मॅडम शेजारच्याच टेबलावर चहा घेत होत्या. त्यांनी कप खाली ठेवला. "मशीन तेच. त्याचा दंड तोच. गोळी तीच. बदललं काय मग?"

मैत्रीण हळूच तिच्याकडे बघून हसायला लागली. तिला कळायला एक क्षण लागला... आणि कळलं तेव्हा तिच्या कपाळापर्यंत रक्त चढलं.

"लाजायचं नंतर," मॅडम म्हणाल्या. "बीपी ठीक असलेल्या माणसाची गोळी वाढवली आणि भोवळ आली, तर तो उभा असतो कुठे?"

शिडीवर! ती चहा तसाच टाकून धावत सुटली. दोन गल्ल्या, एक चौक, बाजाराचा कोपरा. एरवी लोकांना सावकाश चाला सांगणारी ती, चार जणांना धक्के देत दवाखान्यात शिरली. तो बाकावर बसला होता, एका आजीबाईंच्या मागचा नंबर धरून.

"चिठ्ठी... द्या ती... आधी."

"श्वास घ्या सिस्टर. काय झालं?"

"चुकीची आहे. तुमचं बीपी ठीक आहे. फक्त..." ती धापा टाकत होती. "फक्त मी मोजलं की चढतं."

मग त्याच्या मानेवरून लाली वर वर चढत गेली. "धडधडतं ते कळत होतं हो," तो पुटपुटला. "पण ते मशीनमध्ये उतरतं हे कुठे ठाऊक होतं!"

आजीबाईंनी वळून दोघांना नीट न्याहाळलं आणि सरकून तिला बाकावर जागा करून दिली.

ती बसली. "मी तुम्हाला खोटं ठरवलं," ती म्हणाली. "सहा आठवडे तुम्ही एकही गोळी चुकवली नाहीत, आणि मी... माफ करा मला."

"माफी कसली? धावत कोण आलं?" त्याने खिशातून चिठ्ठी काढून तिच्या हातात ठेवली. आपल्या उजव्या हाताची बोटं मिटली, उघडली. "आमचे वडील माझ्याच वयाचे होते, गेले तेव्हा. बीपीनेच गेले हे ताईने एवढ्यात सांगितलं मला, इतकी वर्षं बोलली नव्हती. सिस्टर, माझ्या बाबतीत काय काय व्हायचं होतं आणि झालं नाही, ते मला कधी कळणारच नाही. जे झालंच नाही त्याचे आभार कसे मानतात हो?" त्याने तिचा हात धरला.

सहा वर्षांत कितीतरी लोकांनी तिचे हात धरले होते, होऊन गेलेल्या आजारानंतर, उरलंसुरलं वाचलं म्हणून. न झालेल्या गोष्टीसाठी कुणी पहिल्यांदाच धरत होतं. तिला काही बोलता येईना. आणि या वेळी बोलता न येणं तिला अजिबात सलत नव्हतं. मनात ती त्या शिंप्याचे, मॅडमचे, रजेवर गेलेल्या चौकीदाराचेसुद्धा आभार मानत होती.

"यापुढे माझी मैत्रीण मोजेल तुमचं," ती शेवटी म्हणाली. "मी मोजणं बरोबर नाही."

त्याचा चेहरा उतरला. "म्हणजे गुरुवार बंद?"

"गुरुवार कशाला बंद? मोजून झालं की बाहेर या. मी फाटकाशी थांबेन."

"थांबाल?" तो म्हणाला. मग घाईने, नजर जमिनीवर ठेवून, "नाही म्हणजे... माझं सगळ्या गावाला कळलं, वहीत तारखेसकट आहे. तुमच्याकडून... काही...?"

"बोल गं बाई लवकर," आजीबाई म्हणाल्या, "माझा नंबर आलाय."

तिने चिठ्ठीचे दोन तुकडे केले, मग चार.

"तुमचं मोजत होते म्हणून कळलं," ती म्हणाली. "माझं कुणी मोजलंच नाही."