नाव गेलेला अहवाल

गहिनीनाथ मातीची पिशवी घेऊन दारात उभा राहिला, नेमकी तेव्हाच ज्ञानेश्वरी कॉम्प्युटरसमोर रडवेली होऊन बसली होती.

"मॅडम, माती..."

"पाचव्यांदा? एकाच एकराची?" एरवी तिने त्याला चांगलंच छेडलं असतं. आज एवढंच म्हणून ती पुन्हा पडद्याकडे वळली.

कर्जतच्या त्या छोट्या माती परीक्षण केंद्रात ती एकटीच कामाला होती. सकाळी कॉम्प्युटर अडकला, तिने घाईत सरळ वायर उपटली, आणि आता काळ्या पडद्यावर नुसती पांढरी अक्षरं! आत एकशे ऐंशी शेतकऱ्यांचे अहवाल होते. दुसरी प्रत कुठेच नव्हती. चार वाजता कृषी खात्याचे साहेब ते वाटायला नेणार होते. आणि त्यातल्या एकात – गहिनीनाथच्याच – तिने परवा धीर करून एक वाक्य लिहून ठेवलं होतं. ते गेलं तर... आणि सापडलं तर?

"सरका जरा," तो म्हणाला. नागापूरच्या कारखान्यात तो असलीच लिनक्सवर चालणारी कॉम्प्युटर मशीनं सांभाळायचा. "चालू होताना हे आधी मूळ फाईलसिस्टीम तपासतं. म्हंजे सगळ्या फायलींचं कपाट. गडबड दिसली, की जोडूनच घेत न्हाई."

"मग जबरदस्तीनं उघडा ना."

"माती तपासल्याबिगर पेरू नका, असं तुमीच सांगता ना?"

त्याने कमांड दिली. मशीन एकेक बिघाड दाखवून विचारू लागलं, दुरुस्त करू? त्याच्या प्रत्येक 'होय'ला ती पडद्याकडे आणखी वाकत होती. त्याचं कोपर तिच्या हाताला लागलं... दोघांपैकी कुणीच सरकलं नाही.

"घाबरू नका. मी हाय ना," तो म्हणाला, आणि स्वतःच लाजला.

तपासणी संपली. "आता जोडतंय," तो पुटपुटला. पडदा उजळला, अहवाल दिसू लागले. तिने भराभर यादी पाहिली. फक्त त्याचाच नव्हता.

"नाव गेलेल्या फायली ते येगळ्या फोल्डरात टाकतं," तो म्हणाला. "हितं एकच हाय. नुसता आकडा. उघडल्याबिगर कळायचं न्हाई." मग त्याने कीबोर्डवरून हात काढला. "तुमीच बघा. खाजगी असलं कायतर..."

पुसून टाकली असती तर कुणाला कळलंही नसतं. तिने फाईल उघडली आणि पडदा त्याच्याकडे वळवला.

'शिफारस : माती उत्तम आहे. पुन्हा तपासण्याची गरज नाही. माणसाने मात्र येत राहावे.'

त्याने दोनदा वाचलं.

"खरं सांगू?" तो अखेर म्हणाला. "ही पिशवीतली माती आमच्या वावरातली न्हाईच. अर्ध्या दिवसाचीच सुट्टी मिळाली, म्हनून कंपनीच्या गेटाजवळच भरली. यायचं तर हुतं..."

ज्ञानेश्वरीने पिशवीवर नमुना क्रमांक टाकला नाही. तिने ती पिशवी टेबलाच्या खणात ठेवली आणि दोन चहा सांगायला उठली.