खळ्यावरचा वारा

पौषातली दुपार. माळावरच्या खळ्यात चंद्रा तिवईवर उभी राहून भात उफणत होती, आणि सुपातलं सगळं फोल पाऊलवाटेनं वर येणाऱ्या एका माणसाच्या तोंडावर गेलं.

"आवो, डोळं गेलं की माजं!"

"मग वाऱ्याच्या वाटंत कशाला आलाव, पावणं?"

पाव्हणा म्हणजे खालच्या आळीतल्या कोंडाजीचा भाचा, वाल्मीक. पुण्यात लॉऱ्या दुरुस्त करायला होता. डोक्यावरच्या पोत्यात जुन्या लॉरीचा डायनामो. "वाऱ्यावर वीज करनार हाय मी. मामाच्या घरात दिवा लावनार!" म्हणाला.

चंद्राला हसू आलं. किती दिवसांनी, कोण जाणे! आपल्या धरणाचं पाणी घाटाखाली उतरून मुंबई उजळतं, आणि काठावरच्या वाडीत रॉकेलची चिमणी. त्यात हा निघाला वारा पकडायला!

हसायला तरी वेळ कुठं होता तिला? आई गेली, पाठोपाठ बापाचे, गेणबाचे, डोळे गेले. तेव्हापासून पाणी, गुरं, कांडण, सगळं एकटीवर. रात्री पाठ टेकली की हाडं बोलायची. दोन स्थळं आली होती. "पोरीसंगं बाप बी आंदण देताय का?" असं विचारून उठून गेली. जळो मेली ती माणसं! बापाला टाकून ती जाणार नव्हती, आणि बापासकट तिला कुणी नेणार नव्हतं.

वाल्मीकनं मामाच्या छपरावर शिवणीच्या लाकडाची पाती चढवली. आठ दिवस ती म्हातारीसारखी कण्हत फिरली. बल्ब काही लागेना. वाडी पोट धरून हसली. तो मात्र रोज माळावर पाणी प्यायला यायचा... तांब्या रिकामा झाला तरी परत द्यायचा नाही.

"इहिरीत पानी न्हाई व्हय मामांच्या?" ती विचारायची.

"हाय की. पर ग्वाड न्हाई."

नवव्या दिवशी तो तांब्या न मागताच टेकला. "सोमवारच्या यष्टीनं जातो. परत काय यायचा न्हाई... कोनत्या तोंडानं येऊ?"

चंद्राचं उफणणं थांबलं. सूप हातातच राहिलं.

"पावणं," ती म्हणाली, "मामांचं घर डोंगराच्या आडोशाला हाय. वारा लागू ने म्हून तर तितं बांधलंय! वारा हितं येतो, खिंडीतनं, दिस कलला की. बारा वर्सं त्याची वाट बघत उभी हाय मी. आदी मलाच इचारायचं व्हतं की!"

वाल्मीक कपाळावर हात मारून उठला.

दुसऱ्या दिवशी खळ्याच्या खांबाला उंच वासा बांधून त्यानं पाती चढवली, तार खळ्याला लागूनच असलेल्या चंद्राच्या ओसरीत आणली. दिवस कलला. खिंडीतला वारा आला, पाती घरघरली, आणि लॉरीचा तो इवला बल्ब आधी लाल, मग पिवळाधमक झाला!

"आता तार न्या मामांच्या घरी," चंद्रा हळूच म्हणाली.

"न्हाई न्यायची. तार लांबली की दिवा मंदावतो. ह्यो हितंच लागायचा." तो तारेला उगाच पीळ देत राहिला. "पर राखाया मानूस लागंल... आबांला बी सोबत हुईल. ठेवून घेताय का?"

"लोक घरजावई म्हनतील."

"म्हनू द्या. आठ दिस वाडी येडा म्हनलीच की!"

तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. बारा वर्षांचा शीण होता तो.

"चंद्रे, लागला का गं?" आतून गेणबा चाचपडत आला. तिनं त्याचा हात धरून बल्बाजवळ नेला. "ऊब लागतीय की!" म्हातारा हरखला. मग थांबून म्हणाला, "आन् पावणा? जातोय का सोमवारी?"

चंद्रानं वाल्मीककडं पाहिलं. त्यानं मान हलवली, नाही म्हणून. पण आंधळ्या बापाला मान कशी दिसणार? बोलायला तिलाच हवं होतं.

"न्हाई जात, आबा," ती म्हणाली. "मी ठेवून घेतलंय."

आणि सूप भिंतीला टेकवून, हातात काहीही काम न घेता, ती दिव्याखाली बसली.