खोटी आग

मालनताईंनी पाय पसरून नातीला त्यावर पालथं घेतलं आणि बादलीत हात बुडवून पाहिला. पाणी छान कोमट लागलं. अर्ध्या मिरजेची पोरं त्यांनी अशीच न्हाऊ घातलेली. पाण्याचं त्यांना कोण शिकवणार?

मध्यंतरी मात्र हे हात गेल्यातच जमा होते. ल्यूपस झाला. राखणीच्या कुत्र्यानं घरच्यांनाच चावत सुटावं, तशी शरीराची रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटली. पाय बधिर झाले, हातांची अखंड आग. फ्रीजमधलं पाणी ओतलं तरी आगच! शेवटी डॉक्टर तांबोळींनी दोन्ही कोपरांत कातडीखाली तांदळाएवढी दाहगाळणी बसवली. जखमी तंतू मेंदूला ‘भाजलं, भाजलं’ असे खोटे निरोप धाडत राहतात. गाळणी ते वाटेतच अडवते. पण खोटा निरोप कोणता, हे तिला आधी शिकवावं लागतं.

“आठवडाभर हात कोरडे ठेवायचे,” डॉक्टरांनी बजावलं होतं. “गरम काही शिवायचं नाही. उगाच आग उठली की नुसतं ‘खोटं’ म्हणायचं. गाळणी ऐकते आणि लक्षात ठेवते.”

“बरं, डॉक्टरीणबाई,” मालनताई म्हणाल्या आणि दुसऱ्याच दिवशी निघाल्या की कामाला! बाळंतीण काय आठवडाभर खोळंबते होय? हात कढत पाण्यात जात होते, जळत होते, आणि मालनताई सवयीनं दर वेळी पुटपुटत होत्या, “खोटं गं बाई, खोटं.” गाळणी बिचारी आज्ञाधारक. आग थांबली. त्या रात्री मालनताई आनंदानं ढसाढसा रडल्या.

आता पहिला तांब्या ओतला तशी नात किंचाळली.

“आई, आज जरा जास्तच रडतेय गं,” आतून लेकीनं, ऋतुजानं म्हटलं.

“रडू दे. रडल्यानं छाती मजबूत होते. तू काय कमी रडायचीस?” घरोघर म्हणून गुळगुळीत झालेलं वाक्य ते. मालनताईंनी दुसरा तांब्या ओतला.

किंकाळी ऐकून ऋतुजा धावत आली. बाळाला उचलताना तिचा हात बादलीला लागला आणि ती ओरडलीच, “आई! अगं, कढत आहे पाणी!”

बाळाची पाठ लालभडक झाली होती. मालनताईंनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं. दोन्ही हातांवर टपोरे फोड उठले होते आणि काहीच दुखत नव्हतं.

नात वाचली, पण पाठीची कातडी गेली. दवाखान्यात मालनताईंनी तांबोळींसमोर हात जोडले. “पुन्हा शिकवा हो त्या गाळणीला.”

“आता उपयोग नाही, मालनताई. तंतू फार झिजलेत. खरा निरोप आणि खोटा निरोप, दोन्ही एकाच आवाजात येतात. गाळणी ठेवली तर काहीच भाजणार नाही. काढली तर सारखंच भाजेल.”

“काढा,” मालनताई म्हणाल्या.

गाळणी काढली आणि आग परत आली, जेवताना, झोपताना, देवापुढे हात जोडतानाही. भोगायलाच हवं, असं मालनताईंना मनापासून वाटत होतं.

बाळाची जखम भरल्यावर ऋतुजानं स्वतःच पाणी काढलं. कोपर बुडवून पाहिलं, नवऱ्यालाही पाहायला लावलं. मालनताई लांब, उंबऱ्यापाशी बसून होत्या. बाळाला बादलीजवळ आणलं मात्र, त्यानं हंबरडा फोडला. अंगावर अजून थेंब पडला नव्हता. रडून रडून ते निळं पडायला लागलं.

“पाणी कोमट आहे गं, आई!” ऋतुजा रडकुंडीला आली. अपघातानंतर ती आज पहिल्यांदा आईशी बोलत होती. “मग हिला भाजतंय कुठं? उगाचच रडतेय ना ही? सांग ना, खोटंच आहे ना हे?”

मालनताईंनी जळते हात पदरात दडवले.