पदरची वाक्यं

त्या वर्षी महाराष्ट्रात वाचा गेलेली चाळीस हजार माणसं बोलत होती, आणि ती सगळी पुण्यातल्या एकाच इमारतीतून बोलत होती.

पक्षाघाताने किंवा अपघाताने आवाज गेलेल्या माणसाच्या गळ्यात दोन बोटं रुंदीचा एक पट्टा असे. माणूस बोलायला जातो तेव्हा ओठ हलले नाहीत तरी मेंदूकडून गळ्याकडे आज्ञा निघतातच. पट्टा त्या आज्ञा टिपून पुण्याला पाठवी, तिथला प्रोग्रॅम त्यांचे शब्द करी, आणि पापणी लवायच्या आत ते शब्द त्या माणसाच्या जुन्या आवाजात पट्ट्यातून बाहेर पडत. वाचा केंद्राच्या तळघरातला सर्व्हर मात्र ‘जावा’ या जुन्या संगणकी भाषेच्या घराण्यातला होता. सरकारी कचेरी एकदा धरलेली वस्तू सहसा सोडत नाही, आणि चालत्या गाडीला खीळ कोण घालणार?

शाल्मली कुंभोजकर या सर्व्हरवर मांडणीचं काम करी. प्रोग्रॅम एका बंद पेटीत येई. त्याला लागणारं सगळं त्या पेटीतच असे. पेटी सर्व्हरवर चढवणं म्हणजे मांडणी, आणि जुनी उतरवून नवी चढवणं म्हणजे फेरमांडणी. पट्टा सुरू केल्यापासून बंद करेपर्यंत जे बोलणं चाले त्याला केंद्रातले लोक ‘बैठक’ म्हणत. त्या माणसाबद्दल प्रोग्रॅम जे काही शिके ते पेटीत जात नसे, बैठकीतच राही. पट्टा बंद झाला की बैठक संपे आणि शिकलेलं पुसलं जाई. याची कुणाला फारशी अडचण नव्हती. पट्टा पुन्हा लावला की दोन दिवसांत प्रोग्रॅम नव्याने शिकून तयार होई.

मग जुन्या पेटीतला दोष उघड झाला. गळ्याकडून येणारी आज्ञा क्षीण असली की ती पेटी मधली जागा अंदाजाने भरी. ऐकणाऱ्याने पुन्हा विचारलं नाही, तर अंदाज बरोबर आला असं धरून चाले. एका गावात अंथरुणाला खिळलेल्या गृहस्थांनी मोठ्या शस्त्रक्रियेला ‘हो’ म्हटलं, आणि नंतर कळलं की तो ‘हो’ पेटीचा होता. आठवड्याभरात ती पेटी बदलायचा आदेश निघाला. तयार झालेली नवी पेटी घाई करत नसे. माणूस तोच शब्द पुन:पुन्हा बोलायचा प्रयत्न करतो. त्या सगळ्या क्षीण आज्ञा ती एकावर एक ठेवी. मधला गोंगाट एकमेकांना खाऊन टाके आणि शब्द तेवढा उरे. त्याला कधी दहा मिनिटं लागत, कधी तास. खात्री होईपर्यंत ती गप्प राही.

बोलणाऱ्याचं वाक्य अर्ध्यावर तुटू नये म्हणून शाल्मलीने नवी पेटी जुनीच्या शेजारी चढवली. नव्याने सुरू होणाऱ्या बैठका नवीकडे जात, चालू असलेल्या जुनीकडेच राहत, आणि जुनीची शेवटची बैठक संपली की सर्व्हर तिला आपोआप गुंडाळणार होता. दोन महिन्यांत लोकांनी कधी ना कधी पट्टे बंद केले, आणि जुन्या पेटीकडे एकच बैठक उरली. कराडच्या जालिंदर थोरातांची. ती सात वर्षं एकदाही बंद झालेली नव्हती.

केंद्रातून ती बंद करायची तर रुग्णाची तोंडी संमती हवी, असा नियम होता. नियम करणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता. शाल्मलीने तीनदा फोन केला आणि तिन्ही वेळा एका भारदस्त, प्रेमळ आवाजाने तिला सांगितलं, “नको मॅडम, आहे ते बरं आहे.” तिसऱ्यांदा फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं की जिला काढायचं, तिच्याच तोंडून आपण संमती मागतो आहोत. तिने त्या बैठकीच्या नोंदी उघडल्या. त्यात शब्द नव्हते, फक्त आकडे होते. ते पाहून तिने नवा पट्टा पिशवीत घातला आणि कराडची गाडी धरली.

थोरातांचं घर बसस्थानकाच्या मागच्या गल्लीत होतं. जालिंदररावांनी तीस वर्षं त्या स्थानकावर गाड्या पुकारल्या होत्या. पाटण, चिपळूण, विटा, सगळ्या गाड्या त्यांच्या आवाजावर सुटत. आता ते खिडकीपाशी चाकांच्या खुर्चीत बसले होते. मान हलत नव्हती, चेहरा हलत नव्हता. पापण्या तेवढ्या लवत होत्या. डाव्या पायात आधाराचा ताठ बूट होता. गळ्यातला पट्टा झिजला होता, आणि त्याची तुटलेली कड त्यांच्या पत्नी उज्ज्वलाकाकूंनी इलॅस्टिक लावून शिवली होती.

“या मॅडम,” पट्ट्यातून आवाज आला. “वाटेत त्रास नाही ना झाला? उज्ज्वला, यांना आधी पाणी दे.”

काकू हसल्या. सात वर्षांत पट्टा कधीच बंद का केला नाही, असं शाल्मलीने विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या की पहिलं वर्ष बिनआवाजाचं काढलं होतं, ते पुन्हा नको वाटलं. बंद केल्यावर परत सुरू झालाच नाही तर, ही धास्ती होती. सकाळी उठल्याबरोबर हे विचारतात, झोप लागली का. स्वयंपाकाला नावं ठेवत नाहीत. दुपारी दोघं मिळून बातम्या ऐकतात. लग्नाला चाळीस वर्षं झाली, पण संसार असा ही सातच वर्षं झाला, असं त्यांनी सरळ सांगून टाकलं. शाल्मलीला पुढचं बोलणं फार जड गेलं.

“काकू, गावच्या जत्रेत नाटक कंपनी यायची ना? नाटक, कपडे, पडदे, सगळं त्यांच्या टेम्पोत असायचं. पण गावातली माणसं खूश व्हावीत म्हणून नट एखादं पदरचं वाक्य घालायचा. ते टेम्पोत नसायचं.”

“घालायचे की. टाळ्या पडल्या की आणखी घालायचे.”

“हा आवाजही तसंच करतो. तुम्हाला जे बरं वाटलं, ते तो आणखी बोलत गेला.”

काकूंनी हातातला कप खाली ठेवला. “म्हंजे खोटं बोलतंय?”

“त्याला खोटं-खरं कळत नाही. काकांकडून येणारी आज्ञा क्षीण होत गेली, तशी तो पदरची वाक्यं घालत गेला.”

“किती?”

“पहिल्या महिन्यात शंभरात तीस शब्द त्याचे होते. आता सत्त्याण्णव आहेत.”

“काहीतरीच काय, मॅडम,” पट्ट्यातून हसून आवाज आला. “मी काय मेलोय का?”

काकूंनी चटकन नवऱ्याकडे पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर सुटकेचं हसू आलं. शाल्मलीही क्षणभर डगमगली. शंभरातले तीन शब्द हेच असतील तर? मग तिने विचारलं, की पट्टा यायच्या आधी, त्या पहिल्या वर्षात, तुम्ही यांच्याशी कसं बोलत होता?

“डोळ्यांनी. एकदा मिटले तर हो, दोनदा मिटले तर न्हाय.”

“मग ते का सोडलं?”

“आवाज आला की. आता कशाला डोळे बघायचे?” काकू म्हणाल्या आणि जरा थांबून पुढे बोलल्या, “अन् यांच्या डोळ्यांना त्रास हाय. सारखे मिटतात, पाणी येतं. धूळ जाते, हेच सांगतात. दिवसातनं तीनदा औषधाचे थेंब घालते मी.”

खिडकीच्या फळीवर थेंबांची बाटली होती. शाल्मलीने ती पाहिली.

“काकू, आवाजाकडे लक्ष देऊ नका. डोळ्यांकडे बघून विचारा.”

काकू खुर्चीसमोर खाली बसल्या. “अहो, ह्यो पट्टा बदलायचा का?”

“नको गं उज्ज्वला,” आवाज म्हणाला. “सात वर्षं याच्यावर निभावलंय.”

पापण्या एकदा मिटल्या.

काकूंनी प्रश्न उलटा केला. “मग हाच राहू दे का?”

पापण्या दोनदा मिटल्या. क्षणभर थांबून पुन्हा दोनदा, आणि पुन्हा दोनदा. डोळ्यांतून पाणी गालावर आलं.

“धूळ गेली बघ,” आवाज मायेने म्हणाला. “थेंब घाल.”

काकूंचा हात सवयीने बाटलीकडे गेला आणि वाटेतच थांबला. सात वर्षं, दिवसातून तीनदा, हा माणूस ‘नाही’ म्हणत होता, आणि त्या त्याच्या डोळ्यांत औषध घालत होत्या. मग त्यांनी स्वतःच हात वर केला आणि पट्ट्याची कळ चाचपली.

“उज्ज्वला,” आवाज म्हणाला, “चहा निवला तुझा.”

त्यांनी कळ दाबली.

शाल्मलीच्या फोनवर केंद्राकडून एक ओळ आली: जुनी मांडणी गुंडाळली. तिने नवा पट्टा बांधला. स्थानकावरून गाड्यांच्या घोषणा ऐकू येत होत्या. तास उलटून गेला तेव्हा तोच जुना आवाज आला, पण कोरडा.

“पाय.”

काकू पुढे झुकल्या. चार-पाच मिनिटांनी दुसरा शब्द आला. “डावा.”

त्यांनी बुटाचे बंद सोडले. रोज सकाळी काकूच बूट घालत, बंद आवळत आणि विचारत, बरोबर बसला का. आणि आवाज म्हणे, अगदी बरोबर. घोट्याच्या वर बंदाची खोल, काळी पडलेली खाच होती. ती त्यांनी रोज पाहिली होती आणि वयाची खूण समजून सोडून दिली होती.

“कवापासनं दुखतोय?” त्यांनी विचारलं.

उत्तराला वीस मिनिटं लागली. “पहिल्यापासून.”

काकू त्यांचा पाय मांडीवर घेऊन रडल्या. समजूत घालणारा आवाज आता नव्हता. शाल्मली शेवटच्या गाडीने पुण्याला परतली. आपण बरोबर केलं, याबद्दल तिला शंका नव्हती, तरी वाटेत तिला कशानेच बरं वाटलं नाही.

पंधरा दिवसांनी उज्ज्वलाकाकूंचा फोन आला. पायाची जखम भरत होती. बूट सैल केला होता, थेंब बंद केले होते. हे दिवसाला सहा-सात शब्द बोलतात, म्हणाल्या. एकदा ‘मीठ’ म्हणाले. एकदा ‘रेडिओ बंद’. मग त्या थोड्या घुटमळल्या.

“मॅडम, ती जुनी पेटी हाय का अजून तुमच्याकडं?”

“पेटी जपून ठेवलीय, काकू. पण बैठक गेली. पुन्हा चढवली तरी ती पहिल्या दिवसासारखी असेल. तुम्हाला ओळखणार नाही.”



“रोज सकाळी विचारायचं मला, झोप लागली का,” काकू म्हणाल्या. “यांनी लग्नानंतर कवा विचारलं न्हवतं. तवाच माझ्या ध्यानात यायला पायजे होतं.”



“ऱ्हाऊ दे मग,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “अन् मी विचारलं, हे यांना सांगू नका.”

इतक्यात मागच्या खोलीतून तो कोरडा आवाज आला. “कोण?”

“कुणी न्हाय वो,” काकू म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.