छपरावरून मारलेली हाक

पटो न पटो, घडलेलं सांगतोय. माझ्या आजीचा बाप मान्दुक त्या घरात नोकर होता. हाक त्यानंच मारली.

दहाव्या महिन्यातली पौर्णिमा. दिवेलागणीची वेळ. कोरियाची तेव्हाची राजधानी गेग्योंग, तिच्या उत्तरेला सेनापती ताक युनगिल यांचं घर.

सेनापतींचा घोडा एकटाच परत आला...

खोगिरावर रक्त.

राजाचा हुकूम येईपर्यंत मंगोलांना अडवणारा किल्ला सोडायचा नाही, म्हणून हा माणूस बापाच्या मरणालाही आला नव्हता. काय झालं असेल, ते सगळ्यांना कळलं.

"मान्दुक, वर चढ," बाईसाहेब म्हणाल्या. "जीव लांब जायच्या आत छपरावरून हाक मारून अंगरख्यात बोलवायला हवा."

"प्रेत बघितल्याशिवाय, बाईसाहेब?"

"मंगोल प्रेत घरपोच देणारेत का तुला? चढ म्हणते ना."

धन्याचा अंगरखा घेऊन तो कौलांवर चढला. उत्तरेकडं तोंड करून अंगरखा हलवला. उभ्या जन्मात त्यानं धन्याचं नाव तोंडातून काढलं नव्हतं.

"ताक युनगिल... परत या."

तीनदा.

तिसऱ्या हाकेला वारा पडला.

आणि अंगरखा जड झाला...

मान्दुकनं तो कसाबसा खाली आणला. रीतीप्रमाणं तो प्रेतावर घालायचा. प्रेत कुठलं? बाईसाहेबांनी तो जमिनीवर अंथरून पांघरूण घातलं.

थोड्या वेळानं पांघरूण वर-खाली होऊ लागलं. संथ... झोपलेल्या माणसाच्या श्वासासारखं.

बाईसाहेब रडल्या. भीतीनं नाही हो, आनंदानं. नऊ वर्षांनी नवरा घरी आला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक शिपाई धावत आला.

"बाईसाहेब, किल्ला राखला. सेनापती जिवंत आहेत. घोडा तेवढा बाण लागून पळाला."

मान्दुक पुढं झाला. "कसे आहेत?"

शिपाई चाचरला. "काल दिवेलागणीपासून बोलत नाहीत. पापणी लवत नाही. तसेच रात्रभर लढले. पहाटे राजाचा निरोप आला, घरी जा म्हणून... तसे वळले आणि चालू लागले. मागंच येतायत."

मान्दुकनं जमिनीला डोकं टेकलं. "बाईसाहेब, अंगरखा त्यांच्या अंगावर घालू. ज्याचा जीव त्याला देऊ."

"आणि मग? राजानं बोलावलं की परत किल्ल्यावर." बाईसाहेबांचा आवाज चिरका झाला. "नऊ वर्षं राजानं ठेवून घेतला. आता माझा आहे. कडी लाव."

त्यानं कडी लावली.

बाहेर पावलं आली... दारापाशी थांबली.

दार वाजलं नाही. हुकमाशिवाय पाऊल टाकणारा माणूस नव्हता तो.

आत पांघरूण हलायचं थांबलं.

आणि पांघरुणाखालून धन्याचा आवाज आला...

"मान्दुक, बाहेर कोण उभं आहे रे?"

काय सांगायचं, ते मान्दुकला शेवटपर्यंत सुचलं नाही. खरं सांगू? मलाही सुचत नाही.