काळी राहायला हवी होती ती काच

हसायचं तर हसा, पण आधी नीट ऐकून घ्या. माझं काम काचपट्ट्यांचं. शरीराचा तुकडा मेणात बसवायचा, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ कापायचा आणि त्यावर अँटिबॉडी सोडायची. आमची अँटिबॉडी भलती चोखंदळ. ज्या बीजपेशींतून मूल होतं, त्यांच्यातलं एकच प्रथिन ती ओळखते, त्यालाच चिकटते आणि सूक्ष्मदर्शकाखाली हिरवी चमकते. कधीकधी कॅन्सरची गाठही तेच प्रथिन बनवते. का, तेच आम्ही शोधतो.

माझ्या नवऱ्याच्या फुप्फुसात तशीच गाठ होती. मुलासाठी आम्ही किती दवाखाने पालथे घातले, शेवटी नाहीच झालं. आणि हे प्रथिन मात्र त्याच्या छातीत सुखानं नांदत होतं. फार राग यायचा मला त्याचा. ती गाठ त्यानंच आमच्या प्रयोगशाळेला देऊन टाकली. म्हणाला, तेवढाच तुझ्या हाताखाली राहीन.

तो गेल्यानंतर, त्या दुपारी, त्याच्या गाठीचे शेवटचे दोन काप उरले होते. एकावर अँटिबॉडी सोडली. दुसरा रीतीप्रमाणे तिच्याशिवाय ठेवला. तो काळाच दिसला पाहिजे, तरच पहिल्याची चमक खरी धरायची.

अंधाऱ्या खोलीत पहिला काप चमकला. दुसरा लावला. सगळा काळा... आणि मधोमध एकच हिरवी पेशी. बघता बघता तिच्या कमरेला चिमटा बसला आणि एकीच्या दोन झाल्या. मेणात थिजलेलं मांस वाढत नसतं हो. डोळा काही तिथून हलवेना.

मागून आमच्या प्रमुख बाई आल्या. त्यांनी वाकून पाहिलं.

"टाकून दे ही," त्या हळूच म्हणाल्या. "नवा काप घे."

"नवा नाही, बाई. एवढंच उरलंय... आमचं."

त्यांची पाठ वळताच मी ती काच कोटाच्या वरच्या खिशात टाकली. संध्याकाळी घरी काढून पाहिली, तर कापात मधोमध बारीक, गोल भोक. पेशी नव्हत्याच. लहान मुलासारखी रडले मी.

परवा नोकरीवरच्या तपासणीत छातीचा एक्स-रे काढला. डॉक्टर म्हणाले, डावीकडे, खिशाच्या बरोबर मागे, बारीकसा डाग दिसतोय, लगेच काढून तपासू या.

मी नको म्हटलं. वाढू दे की जरा.